तुकडे पाडा, पण आधी कुठे पाडायचे ते ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोठ्या सॉफ्टवेअरचे छोटे तुकडे करण्यावर आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला, एकदा सकाळी घाईत आणि एकदा रात्री निवांत. हा विषय मराठीत कोणीतरी मनापासून मांडतंय ह्याचा खरंच आनंद झाला. पण त्यातलं एक वाक्य डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. मॉड्युलर (सुट्या भागांचं) सॉफ्टवेअर म्हणजे प्रत्येक काम वेगळ्या सर्व्हिसमध्ये (स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाकायचं आणि सगळ्या सर्व्हिसेसनी एकमेकींशी नेटवर्कवरून बोलायचं, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. मी बरीच वर्षं सर्व्हरच्या बाजूचा कोड लिहितेय आणि ह्या एका समजुतीपायी चांगल्या चांगल्या टीम्स रात्र रात्र जागताना पाहिल्यात, मी स्वतः जागलेय. म्हणून पत्र जरा लांबलं तरी चालवून घ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत. कोडचे भाग कसे पाडायचे, कोणाला काय माहीत असावं आणि कोणाला काय अजिबात माहीत नसावं, हा पहिला प्रश्न. त्या भागांच्या मध्ये नेटवर्क आणायचं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर नीट दिलं नसेल तर दुसऱ्याने काही सुधारत नाही, उलट आधी जो गुंता एका प्रोग्रॅममध्ये होता तोच आता वायरवर येतो आणि वायरवरचा गुंता सोडवणं कितीतरी जास्त अवघड असतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तसं जुनं आहे. डेव्हिड पार्नास ह्यांनी १९७२ साली एक छोटा पेपर लिहिला, त्यात एक साधा प्रोग्रॅम घेतला होता, ओळी वाचायच्या, प्रत्येक ओळीतले शब्द गोल फिरवून नव्या ओळी बनवायच्या, त्या अकारविल्हे लावायच्या आणि छापायच्या. हाच प्रोग्रॅम त्यांनी दोन प्रकारे पाडून दाखवला. पहिल्या प्रकारात कामाच्या पायऱ्यांप्रमाणे भाग केले, वाचणारा, फिरवणारा, लावणारा, छापणारा. कोणालाही पहिल्यांदा हेच सुचतं, मलाही हेच सुचायचं. पण ओळी मेमरीत कशा ठेवल्यात हे ह्यातल्या प्रत्येक भागाला माहीत असावं लागतं, म्हणजे ठेवण्याची पद्धत बदलली की सगळेच भाग उघडावे लागतात. दुसऱ्या प्रकारात त्यांनी आधी विचारलं की ह्यात पुढे बदलू शकतील असे निर्णय कोणते, आणि असा प्रत्येक निर्णय एकेका भागाच्या पोटात लपवला. ओळी कशा ठेवल्यात हे फक्त ओळी ठेवणाऱ्या भागाला ठाऊक, तो बाकीच्यांना ताकाला तूर लागू देत नाही. पद्धत बदलली तर एकच भाग उघडायचा.

पन्नासहून जास्त वर्षं झाली ह्या पेपरला. तरी आजही व्हाइटबोर्डवर पहिली आकृती निघते ती पायऱ्यांचीच. रिक्वेस्ट आली, तपासली, प्रोसेस केली, साठवली, उत्तर दिलं, आणि मग प्रत्येक चौकोनाची एकेक सर्व्हिस.

हे फक्त वाचून सांगत नाहीये. एका ठिकाणी आमच्याकडे फाइल्स ठेवण्याचं एक कंपोनंट (सॉफ्टवेअरचा एक भाग) होतं आणि त्याचा इंटरफेस, म्हणजे बाकीच्यांनी त्याला बोलावायची फंक्शन्स, एकदम छोटा होता, ठेव, आण, पूस आणि यादी दे, बस. फक्त 'ठेव' ह्या फंक्शनमधून उत्तर म्हणून फाइलचा डिस्कवरचा पूर्ण पाथ (पत्ता) परत यायचा. तेव्हा कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, डिबग करायला सोपं पडतं म्हणून दिला होता. दोन वर्षांनी डिस्क भरत आली म्हणून आम्ही फाइल्स दुसऱ्या मशीनवरच्या ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये (फोल्डरऐवजी आयडीने फाइल्स ठेवणाऱ्या साठ्यात) हलवायचं ठरवलं, इंटरफेस चारच फंक्शन्सचा आहे म्हणजे आठवड्याभराचं काम असं मीच मीटिंगमध्ये सांगितलं होतं. मग शोध घेतला तर ४१ ठिकाणी लोकांनी तो पाथ घेऊन फाइल थेट उघडलेली, कोणी पाथमधल्या फोल्डरच्या नावावरून तारीख काढतंय, एका रिपोर्टने तर पाथ डेटाबेसमध्ये साठवून ठेवलेले. आठवड्याचं काम साडेतीन महिने चाललं. एक स्ट्रिंग बाहेर गेली आणि तिच्याबरोबर 'आम्ही फाइल्स लोकल डिस्कवर ठेवतो' हा निर्णय बाहेर गेला. नंतर आम्ही पाथच्या जागी एक अर्थहीन आयडी द्यायला लागलो, नुसते रँडम अक्षरं आणि आकडे, ज्यातून कोणाला काहीही काढता येऊ नये. तेव्हापासून कुठलाही इंटरफेस रिव्ह्यूला आला की मी आधी परत येणाऱ्या गोष्टी वाचते, पाठवायच्या नंतर.

नेटवर्कच्या जगात ह्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण खुद्द इंटरनेटच आहे आणि ते आपल्या वाचकांना माहीत असायला हवं असं मला फार वाटतं. १९७४ साली विंट सर्फ आणि बॉब कान ह्यांनी जी मूळ रचना मांडली त्यात टीसीपी हा एकच प्रोटोकॉल (मशीन्सनी एकमेकांशी बोलायचे नियम) होता, पॅकेट म्हणजे डेटाचा छोटा तुकडा मशीनपासून मशीनपर्यंत नेणं आणि हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवून सगळं क्रमाने लावून देणं ही दोन्ही कामं त्यातच. मग प्रत्यक्ष आवाज नेटवर्कवरून पाठवायचे प्रयोग सुरू झाले तेव्हा अडचण आली, बोलण्यातला एक तुकडा हरवला तर तो परत मागवून काही उपयोग नसतो, तो येईपर्यंत संभाषण पुढे गेलेलं असतं. जॉन पोस्टेल ह्यांनी ऑगस्ट १९७७ मध्ये एक टिपण लिहिलं आणि त्यात स्पष्ट म्हटलं की आपण थरांचं तत्त्व मोडतोय, एकाच प्रोटोकॉलकडून दोन कामं करून घेतोय आणि हे चुकतंय. १९७८ मध्ये क्रम आणि भरवसा सांभाळणारा टीसीपी आणि पॅकेट नेणारा आयपी वेगळे झाले, १९८० मध्ये हरवलेलं परत न मागवणारा यूडीपी आला, जो इतका बारीक आहे की त्याचं पूर्ण वर्णन ३ पानांत मावतं आणि हेडर फक्त ८ बाइटचं. १ जानेवारी १९८३ ला आर्पानेट, म्हणजे इंटरनेटच्या आधीचं अमेरिकेतलं नेटवर्क, जुन्या प्रोटोकॉलवरून टीसीपी-आयपी ह्या नव्या जोडीवर गेलं.

आता ह्याची फळं कधी मिळाली बघा. २०२१ मध्ये क्विक हा टीसीपीसारखं काम करणारा नवा ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल प्रमाणित झाला, तो यूडीपीच्या डोक्यावर बसतो, खालच्या आयपीला किंवा मधल्या राउटरना त्यासाठी नवीन काही शिकावं लागलं नाही. पुढच्या वर्षी त्यावर एचटीटीपी ३ (वेबपानं मागवायच्या प्रोटोकॉलची नवी आवृत्ती) आलं. आणि त्याच वर्षी एचटीटीपीचा अर्थ, म्हणजे गेट म्हणजे काय, पुट म्हणजे काय, ४०४ चा अर्थ काय, हे सगळं एका वेगळ्या दस्तऐवजात काढलं गेलं आणि ते वायरवर कसं लिहायचं हे एचटीटीपीच्या १.१, २ आणि ३ ह्या आवृत्त्यांच्या आपापल्या दस्तऐवजांत राहिलं. त्यामुळे खाली टीसीपी आहे की क्विक ह्याची वेबसाइटच्या कोडला सहसा फिकीर करावी लागत नाही. १९७७ साली कुणीतरी हट्टाने म्हणालं की ही दोन कामं वेगळी करा, म्हणून चार दशकांनी हे करता आलं. मला हे वाचताना दरवेळी भारी वाटतं, अगदी मनापासून.

आता दुसरा प्रश्न, आणि इथेच घोडं पेंड खातं. १९८४ मध्ये झेरॉक्स पार्क ह्या संशोधन केंद्रातल्या बिरेल आणि नेल्सन ह्यांनी दूरच्या मशीनवरचं फंक्शन जवळच्या फंक्शनसारखंच बोलावता यावं ह्याची व्यवस्था कशी करायची ते दाखवलं. सोय म्हणून ते मोठं काम होतं आणि आजची आपली सगळी साधनं त्याच घराण्यातली आहेत. पण त्यातून सवय अशी लागली की कॉल सारखाच दिसतो म्हणजे सारखाच वागणार. १९९४ मध्ये सन कंपनीतल्या जिम वॉल्डो आणि सहकाऱ्यांनी नीट मांडलं की हे दोन कॉल कधीच सारखे नसतात. त्याच सुमारास त्याच कंपनीतल्या पीटर डॉइच ह्यांनी नेटवर्कबद्दलच्या खोट्या गृहीतकांची यादी केली, नेटवर्क भरवशाचं असतं, वेळ लागतच नाही वगैरे.

वेळेचा हिशोब सोपा आहे. आपल्याच प्रोसेसमधला (चालू प्रोग्रॅममधला) फंक्शन कॉल काही नॅनोसेकंदांत होतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरवरच्या मशीनला विचारून उत्तर यायला निदान १० मिलिसेकंद जाणारच, कितीही भारी हार्डवेअर घ्या. एकाच डेटासेंटरमध्ये हे बरंच कमी असतं, तरी फंक्शन कॉलच्या हजारो पट. आणि वेळेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जवळचा कॉल एकतर होतो किंवा सगळी प्रोसेसच कोसळते, दूरच्या कॉलला तिसरी अवस्था आहे, उत्तर आलं नाही आणि काम झालं का नाही ते कळत नाही. रिक्वेस्ट जाताना हरवली की उत्तर येताना हरवलं, का समोरचा अजून कामच करतोय? ह्या तिसऱ्या अवस्थेचं काय करायचं ते इंटरफेसमध्ये लिहिलेलं नसेल तर कॉल करणारा स्वतःच्या मनाने काहीतरी करतो आणि बहुतेक वेळा तो पुन्हा प्रयत्न करतो.

ह्या पुन्हा प्रयत्नाची गोष्ट सांगते. एका कंपनीत (नाव नको) आमच्या तीन सर्व्हिसेस एकापाठी एक होत्या, पुढे गेटवे (बाहेरच्या रिक्वेस्ट्स पहिल्यांदा घेणारी), त्यामागे अकाउंट, त्यामागे परवानग्या तपासणारी, आणि शेवटी डेटाबेस. तिन्ही टीम्सनी आपापल्या परीने शहाणपणाच केला होता, मागून उत्तर नाही आलं तर एकूण ३ वेळा प्रयत्न करायचा. प्रत्येक टीमचा कोड एकेकटा वाचला तर एकदम बरोबर. एका रात्री डेटाबेसवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नव्याने बांधायचं काम चालू होतं आणि क्वेरीज जरा हळू झाल्या, फार नाही, पण टाइमआउटच्या (उत्तराची वाट बघायच्या मर्यादेच्या) पलीकडे. मग परवानगीवालीने प्रत्येक रिक्वेस्टमागे ३ वेळा विचारलं, ती फेल झाली म्हणून अकाउंटने तिला ३ वेळा, आणि गेटवेने अकाउंटला ३ वेळा. ३ गुणिले ३ गुणिले ३, सत्तावीस. दर सेकंदाला ४०० येणाऱ्या रिक्वेस्ट्स डेटाबेसपाशी जवळपास ११ हजार होऊन पोचायला लागल्या. जो नुसता दमला होता त्याला आम्हीच आडवा केला. इंडेक्सचं काम थांबवलं तरी काही फरक पडेना कारण तोपर्यंत भार इंडेक्सचा राहिलाच नव्हता, आमच्या रिट्रायचाच, म्हणजे पुन्हा पुन्हा केलेल्या प्रयत्नांचाच, होता.

त्यात भर म्हणजे गेटवेचा टाइमआउट ३ सेकंद आणि सगळ्यात मागच्या सर्व्हिसचा ३० सेकंद, वापरलेल्या लायब्ररीचा (तयार कोडचा) डिफॉल्ट, कोणी हात लावला नव्हता. म्हणजे माणूस पुढून निघून गेला, गेटवेने हात झटकले आणि मागे अर्धा मिनिट अशा रिक्वेस्टचं काम चालू जिचं उत्तर घ्यायला कोणीच नाही. पहाटे साडेतीनला मी लॉगमध्ये एकाच रिक्वेस्टचा आयडी २७ वेळा मोजला तेव्हा माझ्या लक्षात आलं.

दुरुस्ती अशी केली की रिट्राय फक्त सगळ्यात बाहेरच्या थरात, तेही वाढत्या अंतराने आणि त्या अंतरात थोडा रँडम फरक ठेवून म्हणजे सगळे क्लायंट एकाच क्षणी परत येऊन आदळत नाहीत. आणि प्रत्येक थराने आपला वेगळा टाइमआउट न लावता, 'ह्या रिक्वेस्टला आता इतके मिलिसेकंद उरलेत' हे पुढच्याला सांगायचं. उरलेला वेळ संपला की मागच्याने काम सोडून द्यायचं.

म्हणून मी म्हणते की नेटवर्कवरच्या कंपोनंटचा करार म्हणजे नुसती फंक्शनची नावं आणि टाइप्स नव्हेत. उत्तराला जास्तीत जास्त किती वेळ, तीच रिक्वेस्ट दोनदा आली तर काय, आकाराची मर्यादा काय, कुठली चूक झाल्यावर पुन्हा विचारण्यात अर्थ आहे आणि कुठली झाल्यावर नाही, हे सगळं त्यात आलं पाहिजे. एचटीटीपीने हे निदान थोडं तरी सांगितलंय, पुट (ठेव) आणि डिलीट (पूस) दोनदा केलं तरी परिणाम एकदाच केल्यासारखा असावा, पोस्टची (म्हणजे 'हे काम कर' अशा रिक्वेस्टची) ती हमी नाही. मग पोस्टसाठी क्लायंटने एक वेगळी किल्ली पाठवायची आणि सर्व्हरने ती लक्षात ठेवायची, तीच किल्ली परत आली तर काम पुन्हा न करता जुनंच उत्तर द्यायचं. ही गोष्ट नंतर घालता येते पण फार त्रास होतो, पहिल्याच दिवशी घातली तर एका कॉलमचं काम असतं.

कराराबद्दल अजून एक, फील्डचा (मेसेजमधल्या नाव दिलेल्या रकान्याचा) अर्थ कधीही बदलू नका. जुनं फील्ड कोणी वापरत नाही म्हणून त्याच नावाला नवा अर्थ देण्याचा मोह सगळ्यांना होतो. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाइट कॅपिटल ह्या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत हेच झालं, बंद पडलेल्या जुन्या फीचरचा फ्लॅग (चालू-बंदची खूण) नव्या फीचरसाठी वापरला, ८ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहून गेला, आणि त्या एका सर्व्हरने फ्लॅगचा जुना अर्थ लावून ऑर्डर्सचा सपाटा लावला. सुमारे ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलरहून जास्त नुकसान. प्रोटोकॉल बफर्स, म्हणजे मेसेजची रचना लिहायचं साधन, वापरणाऱ्यांना माहीत असेल, तिथे काढून टाकलेल्या फील्डचा नंबर राखीव करून ठेवायची सोय आहे, ती कृपा करून वापरा, दोन सेकंद लागतात. आणि १९ जुलै २०२४ ला जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले तेव्हाही मुळाशी करारातलीच तफावत होती, क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये व्याख्या २१ इनपुटची होती आणि प्रत्यक्ष कोड २० च पुरवत होता. आधीच्या अपडेट्समध्ये एकविसावं काहीही चालेल असं असायचं म्हणून टेस्टमध्ये ते कधी दिसलंच नाही.

आता जरा आतल्या बाजूला येते, कारण लेखात ह्याचा उल्लेखही नव्हता आणि रोजच्या कामात मला ह्याचाच सगळ्यात जास्त फायदा झालाय. प्रोटोकॉल समजणारा कोड आणि सॉकेट (नेटवर्कवरून बाइट्स येण्याजाण्याचं टोक) वाचणारा कोड वेगळे ठेवा. प्रोटोकॉलच्या भागाला सॉकेट, थ्रेड, घड्याळ काही माहीत नसावं, त्याला बाइट्स द्यायचे आणि त्याने सांगायचं की एक पूर्ण मेसेज मिळाला, किंवा अजून बाइट्स हवेत, किंवा हे बाइट्स परत पाठवा. पायथन भाषेवाले ह्याला सॅन्स आयओ, म्हणजे इनपुट-आउटपुटशिवाय, म्हणतात.

ह्याचं कारण असं की टीसीपी मेसेज देत नाही, बाइट्सचा प्रवाह देतो. समोरच्याने एकदा लिहिलं म्हणजे तुम्हाला एकदाच वाचायला मिळेल असं नसतं. आपल्या लॅपटॉपवर दोन्ही बाजू चालवल्या की जवळपास नेहमी पूर्ण मेसेज एकत्र येतो, त्यामुळे टेस्ट हिरवी, डेमो झकास. मग खऱ्या नेटवर्कवर एखाद दिवशी ४ बाइटच्या लांबीच्या हेडरपैकी ३ च बाइट आधी येतात, कोड चौथ्याच्या जागी जे काही पडलं असेल ते धरतो आणि लांबी काहीच्या काही वाचून पुढचे सगळे मेसेज चुकीच्या जागी तोडत सुटतो. हा बग महिन्यातून एकदा येतो आणि कधीच परत करून दाखवता येत नाही. प्रोटोकॉलचा भाग वेगळा असेल तर एक टेस्ट लिहायची, त्याला एकेक बाइट करून सगळा मेसेज भरवायचा. दहा ओळींची टेस्ट, नेटवर्क लागत नाही, मिलिसेकंदात संपते. आमच्याकडे नवीन आलेल्या एका मुलाने ही टेस्ट पहिल्यांदा लिहिली आणि ती लगेच लाल झाली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, म्हणाला, ताई हे दोन वर्षं असंच चालू होतं? होतं.

असं सगळं लिहिल्यावर वाटेल की मी वेगळ्या प्रोसेस, वेगळ्या सर्व्हिस ह्यांच्या विरोधात आहे. तसं अजिबात नाही. कारण असेल तर जरूर करा, आणि कारणं खरी असतात. एखाद्या भागावर भार बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो, एखादा भाग दुसऱ्या टीमकडे असतो आणि त्यांचं वेळापत्रक वेगळं असतं (मेल्विन कॉनवे ह्यांनी १९६८ मध्येच सांगितलंय की सिस्टिमची रचना ती बनवणाऱ्यांच्या आपसातल्या बोलण्यासारखीच होते). आणि सगळ्यात पटणारं कारण म्हणजे विश्वास. विट्सा वेनेमा ह्यांचा पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर बघा, १९९८ मध्ये आला. बाहेरून येणारं मेल घेणारा प्रोग्रॅम वेगळा, रांग सांभाळणारा वेगळा, मेल माणसाच्या पेटीत टाकणारा वेगळा, आणि एकमेकांकडून आलेल्या डेटावर कोणी आंधळा विश्वास ठेवत नाही. जो बाहेरच्या जगाशी बोलतो त्याच्याकडे अधिकार कमीत कमी. आधीच्या सेंडमेलमध्ये हे सगळं एकाच मोठ्या प्रोग्रॅममध्ये होतं आणि तो रूट (मशीनवरच्या सर्वोच्च) अधिकारांनी चालायचा, १९८८ चा मॉरिस वर्म (आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) ज्या वाटांनी पसरला त्यातली एक सेंडमेलची होती. दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या ओपनएसएसएचनेही २००२ मध्ये हाच मार्ग घेतला, पासवर्ड तपासण्याआधी अनोळखी माणसाशी बोलणारा भाग अधिकार नसलेल्या वेगळ्या प्रोसेसमध्ये. आणि गंमत म्हणजे ही दोन्ही उदाहरणं एकाच मशीनवरची आहेत, मध्ये नेटवर्क नाहीच.

नेटवर्कने तोडलं की विश्वासार्हता आपोआप वाढते असं लेखात सुचवलंय, तिथे एक छोटं गणित करून बघा. एका सर्व्हिसची उपलब्धता ९९.९ टक्के, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद. एका रिक्वेस्टला अशा १० सर्व्हिसेस लागत असतील, प्रत्येक चालू असणं गरजेचं असेल आणि त्या आपापल्या वेळी पडत असतील, तर एकत्र उपलब्धता ९९ टक्क्यांवर येते, महिन्याला साधारण ७ तास. एक नसली तरी बाकीचं चालेल अशी रचना केली असेल तरच हे गणित बदलतं, आणि ती रचना कोणाला फुकट मिळत नाही, ती कोणीतरी बसून करावी लागते.

आकृतीत न दिसणारं परावलंबन हा शेवटचा मुद्दा, थोडक्यात. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे ६ तास बंद होतं. देखभालीच्या एका आदेशाने त्यांचं अंतर्गत नेटवर्क तुटलं, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सर्व्हरना डेटासेंटर दिसेना म्हणून त्यांनी ठरल्याप्रमाणे आपले मार्ग जाहीर करणं थांबवलं, आणि दुरुस्तीची अंतर्गत साधनंही त्याच नेटवर्कवर आणि डीएनएसवर असल्याने तीही गेली. दुसरं उदाहरण मार्च २०२४ चं, एक्सझेड ह्या लायब्ररीचं. ओपनएसएसएचला त्या कॉम्प्रेशन लायब्ररीची काहीच गरज नाही, पण काही लिनक्स वितरणांनी सर्व्हर सुरू झाल्याचा निरोप सिस्टिमडीला (सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमला) देता यावा म्हणून सिस्टिमडीची लायब्ररी ओपनएसएसएचला जोडली, आणि तिच्या मागून एक्सझेडची आली जिच्यात कोणीतरी मागचं दार बसवलं होतं. अँड्रेस फ्रॉइंड ह्या प्रोग्रामरना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं म्हणून ते सापडलं. जो निरोप द्यायचा होता तो एका सॉकेटवर एक ओळ लिहिण्याइतका होता. लायब्ररी जोडताना मी आता तिच्या मागून कोण कोण येतंय ती यादी काढते आणि रिव्ह्यूत चिकटवते.

संपादक महाशय, विनंती एवढीच की पुढच्या लेखात लेखकाने सर्व्हिसेस किती असाव्यात ह्यापेक्षा एकाच सीमेवर थांबून लिहावं, एक इंटरफेस घ्यावा आणि त्यात वेळ, दुबार रिक्वेस्ट, चुका आणि फील्ड्स कशा लिहायच्या ते पूर्ण दाखवावं. शिकणारी मुलं पुरवणी कापून ठेवतात, मीही ठेवायचे.

आणि त्या सत्तावीसच्या रात्रीनंतर आम्ही काय केलं ते सांगायचं राहिलं. अकाउंट आणि परवानगी ह्या दोन सर्व्हिसेसचा मागच्या वर्षभराचा बदलांचा इतिहास काढला. जवळजवळ प्रत्येक बदल दोन्हीकडे एकाच दिवशी झालेला, डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) एकत्र, टेबल्स त्याच, माणसंही तीच. मग दोन्ही परत एका प्रोसेसमध्ये आणल्या, पण आत दोन वेगळी मॉड्यूल्स ठेवली, मध्ये पाच फंक्शन्सचा इंटरफेस, आणि एकाने दुसऱ्याच्या टेबलला हात लावला तर बिल्ड फेल होईल अशी तपासणी. पुढे वर्षभराने परवानगीच्या भागावर खरंच वेगळा भार यायला लागला तेव्हा तो पुन्हा बाहेर काढला, ह्यावेळी उरलेल्या वेळेसकट आणि रिट्रायच्या नियमासकट, आणि ते काम नऊ दिवसांत झालं.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
सर्व्हर प्रोग्रामर